एका शब्दाचा माणूस

९ जानेवारी

आज बोलले. एकच शब्द. लाइन.

डॉक्टरांनी विचारलं, तुमचं नाव सांगा. — लाइन. हात वर करा. उजवा जागचा हलला नाही, डावा उचलला आणि म्हणाले, लाइन. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. या कोण? मी उगीचच केस सारखे केले, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर करते तसे. यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ओळखलं. ते डोळ्यांत दिसतंच ना! तोंड उघडलं, ओठ एका बाजूला ओढले गेले आणि पुन्हा तेच — लाइन.

म्हणजे इतकी वर्षं संसार करून शेवटी मी लाइन.

बाहेर जिन्यात येऊन बसले. हसू येत होतं. सोमवारी सकाळी डबा घेऊन धडधाकट घराबाहेर पडलेला माणूस. सबस्टेशनमध्ये ड्युटीवर होते, खुर्चीतून उठले आणि कोसळले. मेंदूत गुठळी. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही एकदम गेलं.

त्याच सकाळी, त्याच सबस्टेशनच्या तारांवर काम करताना पैलवान खांबावरून पडला. शॉक लागून. पैलवान म्हणजे यांचा जुना जोडीदार, लाइनमन. अंगाने आडदांड म्हणून सगळे पैलवान म्हणतात, त्याचं खरं नाव बहुतेक त्याची बायकोही विसरली असेल. तो दुसऱ्या इस्पितळात आहे, भाजलेल्यांच्या वॉर्डात. अजून शुद्धीवर नाही.

आधी कोण पडलं, ते कुणी सांगत नाही. मीही विचारत नाही.

१० जानेवारी

लाइन. लाइन. लाइन. दिवसभर. नर्सला, सलाइनला, छताला, मला.

१२ जानेवारी

बोलायला शिकवणारी बाई आली. स्पीच थेरपिस्ट. मी मनातल्या मनात तिचं नाव वाचाबाई ठेवलंय. लहानखुरी, भरभर बोलणारी. (देवाचाही न्याय बघा, एकाचं काढून दुसरीला दिल्यासारखं.)

तिने चित्रं दाखवली. किल्ली कुठली? यांनी बरोबर किल्लीवर बोट ठेवलं. पेला कुठला? बरोबर. मग पेला दाखवून विचारलं, हे काय? — लाइन. हे स्वतःच दचकले. हे नव्हे, हे नव्हे, असा डावा हात हलवला. पुन्हा जोर लावला. लाइन! रागाने पेल्याचं चित्र उडवून लावलं.

वाचाबाई म्हणाली, "त्यांना कळतं सगळं. आत शब्द आहेत. बाहेर यायची वाट तेवढी बंद झालीय. अशा वेळी एखादा शब्द अडकून बसतो आणि दरवेळी तोच बाहेर पडतो."

मी विचारलं, हाच का?

"नक्की नाही सांगता येत. काही जणांच्या बाबतीत, झटका येताना जो शब्द ओठांवर असतो तो राहतो, असं म्हणतात."

किती सहज बोलली! आणि पिशवी उचलून निघून गेली. 

सबस्टेशनमध्ये बसून माणूस लाइनबद्दल दोनच गोष्टी बोलतो. लाइन बंद केली. नाहीतर, लाइन चालू केली. खांबावर माणूस असताना यातली दुसरी बोलायची नसते.

१५ जानेवारी

घरी आणलं. पलंग खिडकीशी सरकवला. लेकीने सुट्टी वाढवून घेतली.

एका शब्दात किती मावतं, ते कळायला लागलंय. लांबवून म्हणाले की पाणी. तोडून म्हणाले की उशी नीट कर. भरभर दोनदा म्हणजे बाथरूम, आणि तेव्हा अर्थ लावत बसायचं नाही, धावायचं. मान खाली, सूर खाली, हळूच — म्हणजे हो. सूर वर आणि मान भिंतीकडे — म्हणजे नाही. एवढे दोन तर इतके पक्के की शेजारची मांजरसुद्धा ओळखेल.

लेक म्हणाली, "आई, तू कोशच काढ. इंग्रजीच्या बाईंना शोभेल."

हसलो दोघी. हेही हसले, अर्ध्या तोंडाने. किती दिवसांनी! मग मला वाटलं, आपण तरी या शब्दाचं काय कमी करतो? वीज गेली की लाइन गेली. रांग लावली की लाइन. मी शिक्षिका झाले तेव्हा मामा म्हणाला, चांगली लाइन धरलीस. आणि हे तरुणपणी लाइनमन होते तेव्हा आमच्या शाळेसमोरचा खांब सारखा बिघडायचा. मैत्रिणी म्हणायच्या, तो तुझ्यावर लाइन मारतोय. बिचारा खांब खरंच बिघडायचा की कसं, ते मला यांनी आजवर सांगितलेलं नाही. आता सांगतील कधी?



१७ जानेवारी

शाळेतला मोठा इंग्रजी कोश घरी आणलाय. माणसं घाबरली की देवाचं नाव घेतात, मी कोश उघडते. जुनी खोड.

लाइनला पानंच्या पानं दिलीत. मूळ लॅटिन. जवसाच्या झाडाला ते लोक लिनुम म्हणत, आणि त्याच्या सालीच्या धाग्यापासून वळलेली दोरी ती लिनिया. बस्स, एवढंच. एक दोरी. गवंडी ती ताणून भिंत सरळ आहे का ते बघायचा, म्हणून सरळ रेघेलाही तेच नाव पडलं. त्याच धाग्याचं कापड ते लिनन. कोटाच्या आत ते लावायचे, म्हणून अस्तर ते लायनिंग. मग गळाची दोरी, कवितेची ओळ, नटाची वाक्यं, घराण्याचा वंश, तळहातावरची रेषा, कपाळावरची सुरकुती. आणि शेवटी विजेची तार. सगळं गाव त्या एका दोरीला लोंबकळतंय.

यांना वाचून दाखवलं. लक्ष देऊन ऐकलं. जवसाचं ऐकून भुवई उडाली. पण तारेपाशी आले तेव्हा डोळे मिटून घेतले. पापण्यांखालून पाणी आलं.

मी कोश मिटला.  पुढे विचारायचा माझ्यात धीर नाही.

२० जानेवारी

लिहूनच टाकते. इथे कोण वाचायला येतंय.

नियम असा आहे — लाइनमनने कंपनीच्या फोनवर पूर्ण वाक्य बोलायचं. माझी माणसं खाली उतरली, लाइन चालू करा. सबस्टेशनमधल्याने तेच वाक्य परत म्हणून दाखवायचं. मगच हात लावायचा. हे स्वतः नव्या लोकांना शिकवायचे, अगदी पाढे घोकून घेतात तसं.

आणि स्वतः? हे आणि पैलवान इतकी वर्षं एकत्र, तो यांना गमतीने बटणवाला म्हणतो. पैलवान खाली उतरला की यांच्या खाजगी फोनवर एक रिंग द्यायचा आणि कट करायचा. एक रिंग म्हणजे उतरलो, करा चालू. वाक्य नाही, काही नाही. बंद केल्याची, चालू केल्याची नोंदही संध्याकाळी चहा पिताना एकदम. मी एकदा टोकलं होतं, तर म्हणाले, "अगं, त्याची रिंग मी झोपेत ओळखतो."

त्या सकाळी काय झालं? रिंग आली? उतरायच्या आधीच दिली त्याने? खिशात दाबली गेली? की दुसऱ्याच कुणाची आली आणि यांना वाटलं त्याची?

इस्पितळात यांचे कपडे दिले तेव्हा खिशात फोन होता. बंद पडलेला. मी तो कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली ठेवलाय. चार्जिंगला लावला की कळेल. म्हणून लावत नाही. आज लेकीने विचारलं, बाबांचा फोन कुठंय? मी म्हणाले, कंपनीत राहिला असेल.

किती पटकन तोंडातून निघालं!

२३ जानेवारी

पैलवानाचा उजवा हात कोपरापासून काढला. सबस्टेशनचा रखवालदार येऊन सांगून गेला. तो सांगत होता तेव्हा आतून आवाज आला, लाइन? सूर वर, प्रश्न. मी आत जाऊन म्हटलं, काही नाही, दूधवाला.

रखवालदार जाता जाता म्हणाला, "चौकशी लागलीय. साहेब इकडे येतील. म्हणतात की पैलवान न सांगता चढला असेल, नाहीतर…" आणि तिथेच थांबला. फार सज्जन माणूस आहे, वाक्य पुरं केलं नाही.

२४ जानेवारी

जेवण जात नाही. दारावर टकटक झाली की आधी खिडकीतून बघते. उद्या येणार आहेत.

२५ जानेवारी

आले. दोघं. एक लिहून घेणारा, एक विचारणारा. विचारणारा मोठा शांत माणूस. बूट दाराबाहेर काढले, यांच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसले. लेक कामाला गेलेली. घरात आम्हीच.

"बाई, यांचं बोलणं तुम्हाला कळतं, असं डॉक्टर म्हणाले."

मी म्हणाले, थोडंफार.

आधी माझीच परीक्षा घेतली. यांना विचारलं, तुम्हाला मुलगा आहे का? यांनी मान भिंतीकडे नेली. लाइन. मी म्हणाले, नाही म्हणतात. मुलगी आहे? लाइन, खाली. हो म्हणतात. आणखी एकदोन विचारलं. सगळं बरोबर. साहेबांनी लिहिणाऱ्याकडे बघून मान डोलवली. मला पास केलं.

मग खुर्चीत सरकून बसावं तसे स्टुलावर पुढे सरकले. आवाज तोच. "त्या दिवशी तुम्ही लाइन बंद केली होती आणि नंतर पुन्हा चालू केली, असं झालं का?"

 डाव्या हाताने चादर धरून ठेवलेली. मग मान खाली. सूर खाली. हळूच.

लाइन.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "नाही म्हणतात."

हे सगळं समजतं यांना! कळतं सगळं, वाचाबाईने पहिल्या दिवशी सांगितलंय. यांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. असं आजवर कधी पाहिलं नव्हतं. मग सुरू झाले — लाइन, लाइन, लाइन, डावा हात आपटत, तोंडातून लाळ, मान हलवत. साहेब उभे राहिले. "काय म्हणतायत?"

"दमलेत. झोपायचंय त्यांना."

साहेब यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आराम करा. बूट घातले. गेले. मी दाराला कडी लावली आणि तिथेच दाराला टेकून बसून राहिले. आतून आवाज येत होता. मग तोही थांबला.

२७ जानेवारी

काय करायला हवं होतं मी? अर्धा माणूस उरलाय माझा. त्यालाही चौकशीपुढे उभं करू?

२८ जानेवारी

बोलत नाहीत. ‘लाइन’सुद्धा नाही. पाणी पुढे केलं तर पितात, नाही केलं तर नाही.

३० जानेवारी

लेक म्हणाली, "आई, तू खोलीत नसलीस की बाबा बोलतात माझ्याशी. तू आलीस की गप्प होतात. भांडलात की काय?" आणि हसली. मी भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

एका शब्दाचा माणूस, आणि तोही शब्द माझ्यापुरता बंद.

२ फेब्रुवारी

वाचाबाई आज फारच खुशीत. "म येतोय! ओठ बघा कसे मिटतायत. म्‌ म्‌. दुसरा शब्द आता येऊ घातलाय. रोज सराव घ्या, आरशासमोर, सकाळ-संध्याकाळ. सोडू नका हं."

महिनाभर मी याच गोष्टीसाठी झुरतेय. एक तरी शब्द दुसरा येऊ दे, एक तरी. आणि आज तिने ‘येतोय’ म्हटल्यावर वाटलं, इतक्यात नको.

म. कोणते कोणते शब्द म-पासून सुरू होतात, ते मोजत बसले. मीठ. माठ. मांजर. मुलगी. असे घरगुती बरेच आहेत.

४ फेब्रुवारी

आरसा मोरीतल्या फळीवर ठेवून दिला. सराव घेतला नाही. लेकीला सांगितलं घेतला.

पलंगावरून मला बघत होते. मला भीती वाटते त्यांची. खरं आहे ते. इतकी वर्षं ज्या माणसाला मी सकाळी चहावरून बोलले, सायकलवरून बोलले, त्याच्या समोरून आता पाय न वाजवता जाते.

५ फेब्रुवारी

पुन्हा कोश. डेडलाइन! पेपर तपासून द्यायची तारीख म्हणून शाळेत रोज उठून वापरतो तो शब्द. मूळ बघितलं तर एका परक्या देशातल्या जुन्या युद्धातलं. कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या अलीकडे एक हद्द आखलेली असायची. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा, विचारायचा नाही. ती डेडलाइन.

कोशसुद्धा आता सुखाने वाचू देत नाही. उद्या शाळेत परत देऊन टाकते.

७ फेब्रुवारी

पैलवानाच्या बायकोचा फोन. आम्ही हिला पैलवानीण म्हणतो. प्रत्यक्षात काडीसारखी आहे.

तो शुद्धीवर आलाय. बोलतो. त्या सकाळचं मात्र काही आठवत नाही. घरातून निघालो इथपर्यंत आठवतं, पुढे पांढरं.

चौकशीचं पहिलं कागदपत्र आलंय. त्यात लिहिलंय, लाइन बंद करायला न सांगता चढला, चूक त्याची. तिने ते त्याला वाचून दाखवलं. म्हणाली, "वहिनी, मला वाटलं हे चिडतील. तर म्हणतात, चढलो असेन गं. माझीच अक्कल गहाण पडली असेल. बटणवाल्याला माझ्यामुळे झटका आला, त्याचा संसार मोडला मी. असं म्हणून तोंड फिरवून रडतात. असा माणूस नाही हो माझा. कधी म्हणून न विचारता चढला नाही."

मी काय म्हणाले, आठवत नाही. काहीतरी म्हणाले. काळजी घे म्हणाले बहुतेक.

"मी येते एकदा भाऊजींना भेटायला," म्हणाली. मी म्हटलं, अजून त्यांना बरं नाही. चार दिवस जाऊ देत.

८ फेब्रुवारी

सांगायला हवं. यांना नाही, साहेबांना. शाळेतून येताना कंपनीच्या ऑफिसपर्यंत गेले. बाहेरच्या बाकावर बसले. शिपाई म्हणाला, कुणाला भेटायचंय? मी म्हणाले, कुणाला नाही, जरा पाय दुखत होते.

घरी आले. फोन कपाटातून काढला, हातात धरला, परत ठेवला. मी इतकी भित्री आहे हे मला माहीत नव्हतं. वर्गात पोरं मला टरकतात!

९ फेब्रुवारी

लेकीला आरसा सापडला. तीच सराव घेत होती. मी स्वयंपाकघरात. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं — म्‌. म्‌. शाब्बास बाबा, पुन्हा. म्‌.

गॅस बंद केला आणि कान देऊन उभी राहिले. पुढे काही आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं याची इतकी लाज वाटली की जेवायला बसलेच नाही.

११ फेब्रुवारी

पैलवानीण न कळवता आली. माझ्याकडे पाहिलं न पाहिलं, सरळ यांच्या पलंगाशी जाऊन बसली. "भाऊजी, हे न विचारता चढले असं लिहिलंय. तुम्ही होतात ना तिथे. त्यांनी सांगितलं होतं ना तुम्हाला बंद करायला?"

मी पुढे झाले. म्हणाले, अगं त्यांना अजून बोलता—

यांनी डावा हात वर करून मला थांबवलं. तो हात स्वतःच्या छातीवर ठेवला. ओठ मिटले. मिटलेलेच राहिले, कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा तटतटल्या. मग आला.

"मी," म्हणाले. "मी. लाइन."

तिने त्यांचा हात हातात घेतला. या वेळी अर्थ मला कुणी विचारला नाही.